भट्टीभोवतीचे घर : वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

गेल्या अंकात गावलोहाराच्या कामाची ओळख करून देणारा लेख आणि त्यासोबत भट्टीपुढे काम करणाऱ्या एका कुटुंबाचे छायाचित्र प्रसिद्ध झाले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी ज्यांतील प्रश्न इतरांनाही उपयोगी पडतील अशी काही पत्रे निवडून त्यांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : छायाचित्रात लोहार ऐरणीपुढे बसलेला आहे, त्याची पत्नी उभी राहून घण मारते आहे आणि मुलगा भाता चालवतो आहे. कारागीर म्हणवणारा बसलेला आणि सर्वांत जड काम बाईकडे, हे पाहून मला वाईट वाटले. ही वाटणी न्यायाची आहे का? आणि घरातल्या इतरांच्या वाट्याला नेमके काय काम येते?

उत्तर : आपल्याला वाईट वाटले यात काही गैर नाही, परंतु अन्याय आपण जेथे पाहिला त्याच्या थोडा पलीकडे आहे. लोहाराच्या डाव्या हातात सांडशी असते आणि सांडशीत तापलेले लोखंड. भट्टीतून बाहेर येताक्षणी ते निवू लागते. जाड पहार थोडा वेळ देते, पण विळ्याच्या पातळ पात्याचा ताव दहा-पंधरा सेकंदांत उतरतो. एवढ्या अवधीत तुकडा फिरवायचा, उलटायचा, ऐरणीच्या कडेवर नेमका धरायचा आणि पुढचा घाव कोठे पडला पाहिजे हे ठरवायचे, ही सगळी कामे ज्याच्या हाती सांडशी आहे त्यालाच करावी लागतात. उजव्या हातात उरतो तो किलो-दीड किलोचा हातोडा, आणि कुऱ्हाडीची पाठ किंवा नांगराचा फाळ तेवढ्याने हलत नाही. त्यासाठी चार-पाच किलोंचा घण दोन्ही हातांनी उचलणारे दुसरे माणूस लागते. लोहार लहान हातोड्याने जागा दाखवतो आणि घण त्याच जागी पडतो.

घण मारायला फक्त अंगात जोर असला की पुरे, असा बऱ्याच जणांचा समज असतो. प्रत्यक्षात घणाचे तोंड पूर्ण सपाट पडले पाहिजे. ते किंचित तिरके पडले तर लोखंडात अर्धगोल खाच उमटते आणि ती मोडून काढण्यासाठी आणखी एक ताव, म्हणजे आणखी कोळसा आणि आणखी वेळ, खर्च होतो. समोरच्याचा हात सांडशीवर आणि चेहरा ऐरणीपासून दोन-तीन फुटांवर असताना त्या ठिकाणी अचूक घाव घालत राहणारी व्यक्ती निम्मी कारागीर असते, हे मी पूर्ण विचारांती लिहितो आहे. महाराष्ट्रातील घिसाडी आणि राजस्थानातून निघून देशभर फिरणारे गाडिया लोहार या भटक्या समाजांत बायकांनी घण चालवणे हा कामाचा नेहमीचा भाग आहे. याखेरीज कोळसा भट्टीजोगा फोडणे, भंगारातून कामाचा तुकडा निवडणे, दांडे बसवणे, पात्यांना कानस लावणे, तयार माल बाजारात नेऊन विकणे आणि उधारी लक्षात ठेवून वसूल करणे, हीही कामे बहुतेक घरांत बायकांकडेच असतात.

अन्याय आहे तो नावात आणि मोबदल्यात. दोघांनी मिळून घडवलेली कुऱ्हाड 'अमक्या लोहाराची' म्हणून ओळखली जाते आणि मजुरीही त्याच्याच हातावर ठेवली जाते. हे सगळीकडे घडत आले आहे, आणि जेथे ते बदलले तेथे भांडून बदलले आहे. इंग्लंडमधील क्रॅडली हीथ या गावात घरामागच्या लहान लहान भट्ट्यांमध्ये बायका साखळ्यांच्या कड्या घडवीत आणि त्यांची तान्ही मुलेही तेथेच धुरात असत. १९१० साली त्यांच्यासाठी ताशी अडीच पेन्स असे किमान वेतन ठरले, म्हणजे आधी मिळे त्याच्या जवळजवळ दुप्पट. ते द्यायला मालक टाळाटाळ करू लागले, तेव्हा मेरी मॅकार्थर यांच्या नेतृत्वाखाली या बायकांनी दहा आठवडे काम बंद ठेवले आणि ठरलेले वेतन पदरात पाडून घेतले. अगदी निराळी वाटणीही आढळते. पश्चिम आफ्रिकेतील मांदे भाषिक समाजांत लोहारकाम पुरुषांचे आणि त्याच घरातील बायकांचे काम मातीची भांडी घडवून भाजण्याचे. तेथे अग्नीची विद्या संपूर्ण घराची मानली जाते आणि भांडी घडवणारीला स्वतःचे नाव असते. मला ती वाटणी अधिक सन्मानाची वाटते.

प्रश्न : मी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. लोहाराच्या घरातील मुले लहानपणापासून भात्यावर बसतात असे ऐकले. त्यातून ती खरोखर काही शिकतात, की ती फक्त फुकटची मजुरी असते?

उत्तर : दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यांची सीमारेषा तासांवर ठरते. भाता चालवणे हा या विद्येचा पहिला धडा आहे, कारण लोखंडावर होणारी पुढची प्रत्येक गोष्ट वाऱ्याच्या मात्रेवर अवलंबून असते. वारा कमी पडला तर वर ज्वाळा दिसतात, पण तुकड्याच्या आत ताव पोहोचत नाही. वारा जास्त झाला तर लोखंडातून पांढऱ्या ठिणग्या उडू लागतात, म्हणजे ते जळू लागलेले असते आणि तो भाग तोडून टाकण्यावाचून उपाय राहत नाही. भात्यावरचे मूल रंग पाहायला शिकते, वडिलांच्या हालचालीवरून वारा कधी थांबवायचा ते शिकते आणि कोळसा तुकड्याभोवती कसा रचायचा हेही शिकते. त्यानंतर खिळे, मग आकडे, मग स्वतःची सांडशी, अशी पायरीपायरीने वाट जाते. स्वतःची सांडशी घडवता येणे ही मोठी पायरी आहे, कारण तिचे दोन्ही भाग सारखे उतरावे लागतात आणि खिळ्यावर सैल न होता फिरावे लागतात.

लहान वयातला सराव हाताला किती गती देतो याचे एक जुने मोजमाप उपलब्ध आहे. अॅडम स्मिथ यांनी १७७६ साली नोंदवले की हातोडा चालवणारा, पण खिळ्यांची सवय नसलेला लोहार दिवसाला जेमतेम दोनशे-तीनशे, तेही ओबडधोबड खिळे करतो. अधूनमधून खिळे करणारा आठशे ते हजार. आणि फक्त खिळ्यांवरच वाढलेली, विशीच्या आतली मुले दिवसाला २३०० हून अधिक खिळे करताना त्यांनी पाहिली होती. या आकड्याचे आजही कौतुक केले जाते. मला मात्र त्या मुलांचा दिवस दिसतो. एकच हालचाल हजारो वेळा करणारे मूल खिळे करायला शिकते, लोहारकाम शिकत नाही. म्हणून आपल्या वर्गात असे मूल असेल तर त्याने घरी अर्धा तास वडिलांशेजारी उभे राहून काय पाहिले ते वर्गात अवश्य सांगू द्यावे. पण त्यासाठी शाळेची वेळ जात असेल, किंवा त्याच्या हाती घण दिला जात असेल, तर पालकांशी स्पष्टपणे बोलावे. उडणारी तप्त खपली आणि अंगावर येणारा ताव यांच्यासमोर लहान मुलाला दिवसभर उभे करणे कोणत्याही परंपरेच्या नावाखाली योग्य ठरत नाही.

प्रश्न : लोहारशाळा नेहमी अंधारी का असते? खिडक्या करायला पैसे नसतात म्हणून का?

उत्तर : नाही, अंधार मुद्दाम राखलेला असतो. लोहाराजवळ तापमापक नसतो. तो लोखंडाचा रंग पाहतो. मंद लाल, चेरीसारखा लाल, नारिंगी, पिवळा आणि शेवटी पांढुरका असा क्रम असतो, आणि घडवण्याचे बहुतेक काम नारिंगी-पिवळ्या तावावर, म्हणजे सुमारे ९०० ते १२०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान चालते. उन्हात ठेवलेला लाल तुकडा काळा दिसतो. त्यामुळे उघड्यावर काम करणाराला ताव कमी आहे असे वाटत राहते आणि तो लोखंड गरजेपेक्षा जास्त तापवतो. रस्त्याकडेला बसणारे लोहार भट्टीवर आडोसा धरतात किंवा पाणी देण्याचे, म्हणजे तापवून बुडवून धार कठीण करण्याचे, काम सकाळ-संध्याकाळवर ठेवतात, त्याचे हेच कारण आहे.

प्रश्न : लोहार मध्येच रिकाम्या ऐरणीवर हातोडा का आपटतो? लहानपणापासून हा आवाज ऐकत आलो, अर्थ मात्र कळला नाही.

उत्तर : तो आवाज बहुधा समोरच्या व्यक्तीसाठी असतो. घण आणि हातोडा यांच्या आवाजात बोललेले ऐकू येत नाही, म्हणून खुणा हातोड्यानेच केल्या जातात. लोखंडावर हलका घाव म्हणजे 'येथे मार'. जोरकस घाव म्हणजे 'जोर वाढव'. हातोडा ऐरणीवर टेकवला किंवा तिच्या कडेवर वाजवला म्हणजे 'थांब'. खुणा घराघरांत थोड्याफार बदलतात, आणि म्हणूनच नव्या घणकऱ्याला जुळवून घ्यायला काही दिवस लागतात. लोहार एकटाच काम करीत असेल तेव्हाही तो रिकामा घाव घालतो, कारण तुकडा उलटून पाहताना हाताची लय मोडू नये आणि जड हातोडा हवेत अडवून धरण्याचे श्रम वाचावेत. ऐरणीवर पडलेला हातोडा उसळी घेऊन आपोआपच वर येतो.

प्रश्न : आजोबांच्या वेळचा एक कोयता घरात आहे. पूर्वी त्याची धार पुष्कळ टिकत असे. ग्राइंडरवर धार लावून आणल्यापासून मात्र तो दोन दिवसांत बोथट होतो. लोखंड म्हातारे होते का? 'पाणी उतरले' असे लोक म्हणतात ते काय असते?

उत्तर : लोखंड म्हातारे होत नाही. आपल्या कोयत्याचे पाणी ग्राइंडरच्या उष्णतेने उतरले आहे, आणि ते कसे हे समजून घेण्यासारखे आहे, कारण लोहाराच्या विद्येतील सर्वांत नाजूक भाग हाच आहे.

लोखंडात कर्ब जवळजवळ नसेल तर ते नरम असते आणि कितीही तापवून पाण्यात बुडवले तरी फारसे कठीण होत नाही. बांधकामातील साध्या सळईचा कोयता धार धरत नाही तो यामुळेच. अर्धा ते एक टक्का कर्ब असलेले पोलाद मात्र वेगळे वागते. ट्रकच्या पाट्यांचे (स्प्रिंगच्या पट्ट्यांचे) पोलाद साधारण या जातीचे असते, म्हणून लोहार ते जपून ठेवतात. असे पोलाद लाल तापवले की सुमारे ७७० अंशांना त्याला चुंबक चिकटेनासे होते. त्याहून थोडे वर नेले की त्याच्या अणूंची मांडणी बदलते आणि कर्ब तिच्यात सर्वत्र विरघळतो. तेवढ्यात ते पाण्यात किंवा तेलात बुडवले तर कर्बाला बाहेर पडायला वेळच मिळत नाही, तो आत अडकून पडतो आणि पोलाद अत्यंत कठीण होते. पण ते तितकेच ठिसूळही होते. अशा अवस्थेतील कोयता पहिल्याच फांदीवर तुटायचा.

म्हणून लोहार फक्त धारेचा भाग बुडवतो आणि पाठ गरम राहू देतो. मग दगडाने पात्याचा एक पट्टा घासून चकचकीत करतो आणि पाहत राहतो. पाठीतली उष्णता धारेकडे सरकू लागते आणि त्या चकचकीत पट्ट्यावर रंग धावतात : सुमारे २२५ अंशांना फिकट पिवळा, २६० च्या आसपास तपकिरी, २८० ला जांभळा आणि ३०० ला निळा. हे रंग पृष्ठभागावर जमणाऱ्या प्राणिदाच्या (ऑक्साइडच्या) अतिशय पातळ थराचे असतात. पिवळ्यावर थांबवले तर धार कठीण राहते, पण टवके उडण्याची भीती असते. निळ्यावर थांबवले तर पाते कमानीसारखे लवचिक होते, पण धार लवकर जाते. घाव घालण्याच्या हत्याराला तपकिरी-जांभळ्याचा मध्य मानवतो. तो रंग धारेवर पोहोचला की लोहार संपूर्ण पाते पाण्यात घालतो. हा सगळा खेळ काही क्षणांचा असतो, आणि त्यात उशीर झाला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

आता ग्राइंडरकडे पाहू. कोयत्याची धार कागदासारखी पातळ असते, तिला वेगाने फिरणारा दगड लागला की ती काही सेकंदांत ३०० अंशांच्या वर जाते. आपल्या पात्याच्या कडेला निळसर डाग दिसत असतील तर ती खूण तीच आहे. डाग अगदी काठावरच असतील तर पाणी घालून हातदगडावर सावकाश घासत निळा भाग झिजवून टाकावा. आतले पोलाद बहुधा शाबूत असेल. त्यावर कानस फिरवून पाहावी. ती घसरली तर पाणी शिल्लक आहे. ती चावली तर पाते लोहाराकडे नेऊन पुन्हा पाणी देऊन घ्यावे लागेल.

आणखी एक शक्यता आहे. पोलाद महाग होते त्या काळी हत्याराचे अंग नरम लोखंडाचे करून फक्त धारेपुरती पोलादाची पट्टी पांढऱ्या तावावर घणाने एकजीव केलेली असे. गावठी कुऱ्हाडीपासून जपानी तलवारीपर्यंत नरम आणि कठीण यांचा हा मेळ वेगवेगळ्या रीतींनी घातलेला आढळतो. वर्षानुवर्षे घासून ती पट्टीच संपली असेल तर पाणी देऊनही उपयोग होणार नाही. तेथे नवे पोलाद बसवावे लागते. आणि एक विनंती सर्वांनाच आहे : तुटलेला दांडा काढण्यासाठी हत्यार चुलीत घालू नका. दांडा निघतो, पण पाणीही जाते.

प्रश्न : बैलगाडीच्या चाकाला धाव चढवताना लहानपणी पाहिले होते. त्या दिवशी लोहाराकडे एवढी माणसे का जमत?

उत्तर : कारण ते काम एकट्याने होणेच शक्य नव्हते. सुतार चाक तयार करून देई. त्याच्या परिघावर बसणारी लोखंडी धाव लोहार मुद्दाम थोडी लहान करीत असे. चाक जमिनीवर फिरवून त्याच्या एका फेऱ्याचे अंतर पट्टीवर घ्यायचे आणि त्यातून किती कमी करायचे हे आऱ्यांचे सांधे किती सैल आहेत ते पाहून ठरवायचे. कमी फार केले तर धाव निवताना आरे मोडतात किंवा चाक वाकते. कमी थोडे केले तर उन्हाळ्यात लाकूड सुकल्यावर धाव गळून पडते. मग धाव जमिनीवर ठेवून तिच्याभोवती लाकूड आणि गोवऱ्या रचून ती सगळीकडून सारखी तापवावी लागे. १.२ मीटर व्यासाच्या चाकाची धाव सुमारे पावणेचार मीटर लांबीची असते आणि ५०० अंश तापली की ती साधारण अडीच सेंटीमीटरने लांब होते. सगळे काम या अडीच सेंटीमीटरांवर चाले.

तीन-चार जणांनी लांब सांडशांनी धाव एकाच वेळी उचलायची, चाकावर टाकायची आणि घणांनी बसवायची. लाकूड पेट घेऊ लागताच घरातल्या बायका-मुलांनी चारही बाजूंनी पाणी ओतायचे. पाणी एकाच बाजूला पडले तर धाव तिरकी आवळते, म्हणून पाणी ओतणाऱ्यांचीही जागा ठरलेली असे. निवताना धाव आवळत जाई आणि सगळे सांधे करकरत घट्ट बसत. आपण पाहिलेली गर्दी बघ्यांची नव्हती; तिच्यातील बहुतेकांच्या हाती काही ना काही काम होते.

प्रश्न : माझे वडील आयुष्यभर लोहारकाम करीत आले. आता त्यांना ऐकू कमी येते, डोळ्यांपुढे धूसर दिसते आणि काही वेळा गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचे काम केल्यावर रात्री थंडी वाजून येते. काम सोडायला ते तयार नाहीत. काय करावे?

उत्तर : तिन्ही तक्रारींचा कामाशी संबंध असू शकतो, म्हणून डॉक्टरांकडे नेल्यावर वडिलांचा व्यवसाय अगोदर सांगावा, अनेकदा तो विचारलाच जात नाही.

ऐरणीवरच्या घावाचा आवाज सहज १०० डेसिबलच्या वर जातो, आणि रोज आठ तास ८५ डेसिबल आवाजात काढले तरी कानाला इजा होऊ लागते. आतल्या कानातील नाजूक पेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. जे गेले ते परत आणता येणार नाही, परंतु श्रवणयंत्राने संभाषण सुधारते आणि उरलेले जपता येते : कानात बोळे किंवा कानांवर झाकणे वापरावीत, ऐरण ठोकळ्यावर हलणार नाही अशी घट्ट बसवावी आणि तिच्या कमरेला जाड साखळी आवळावी, म्हणजे तिचा खणखणाट पुष्कळ कमी होतो. हे आईसाठी आणि घरात भाता किंवा पंखा चालवणाऱ्यासाठीही तितकेच गरजेचे आहे. घण मारणारी व्यक्ती त्याच आवाजात तितकेच तास उभी असते, पण कान तपासायला तिला कोणी नेत नाही.

धूसर दिसण्याचे कारण मोतीबिंदू असू शकते. भट्टीतून निघणाऱ्या अवरक्त किरणांनी तो होतो हे काचकाम आणि लोखंडाच्या भट्ट्यांवरील कामगारांत फार पूर्वीच लक्षात आले आहे. तपासणी करून घ्यावी. शस्त्रक्रियेने दृष्टी सुधारण्याची शक्यता चांगली असते. गॅल्व्हनाइज्ड पत्रा मात्र आजच बंद करावा. त्यावरचा जस्ताचा थर तापला की पांढरा धूर निघतो आणि तो श्वासात गेल्यावर काही तासांनी हुडहुडी आणि ताप येतो. दुसऱ्या दिवशी बरे वाटते, म्हणून लोक ते मनावर घेत नाहीत. तो पत्रा भट्टीत घालूच नये, मग काम कितीही मोठे असो.

प्रश्न : इतिहासाच्या पुस्तकांत लोहाराचा उल्लेख फक्त हत्यारे पुरवणारा म्हणून येतो. नवे काही शोधणारे लोहार झाले की नाहीत?

उत्तर : पुष्कळ झाले. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात ग्रँड डिटूर येथे जॉन डीअर नावाचा लोहार शेतकऱ्यांचे नांगर दुरुस्त करीत असे. तेथील चिकट माती ओतीव लोखंडाच्या नांगराला लगडून बसे आणि दर काही पावलांना ती खरवडावी लागे. १८३७ साली त्याने करवतीचे तुटलेले पोलादी पाते वापरून गुळगुळीत नांगर केला. माती त्यावरून आपोआप घसरू लागली. त्याच वर्षी व्हरमाँटमधील थॉमस डेव्हनपोर्ट या लोहाराला विजेवर चालणाऱ्या मोटरचे पेटंट मिळाले. तारांना वेढण्यासाठी त्याची पत्नी एमिली हिने आपल्या लग्नाच्या रेशमी पोशाखाच्या पट्ट्या कापून दिल्या असे सांगितले जाते. ती त्याच्या प्रयोगांच्या नोंदीही ठेवीत असे. पेटंटवर नाव अर्थातच एकाचेच आहे. आणि ज्याच्या शोधांवर विजेची यंत्रे उभी राहिली तो मायकेल फॅरेडे, जन्म १७९१, लोहाराचाच मुलगा होता. वडील सतत आजारी, घरात ओढगस्त. त्यामुळे चौदाव्या वर्षी त्याला बुकबाइंडरकडे उमेदवारीला पाठवले गेले आणि बांधायला आलेली पुस्तके वाचून तो शिकला. लोहाराच्या घरातील बुद्धी कोठवर जाते हे त्याच्या उदाहरणात दिसते. भट्टीपाशीच राहिलेल्यांची बुद्धी त्यांनी घडवलेल्या वस्तूंत राहिली आणि त्या वस्तूंवर त्यांची नावे नव्हती.

प्रश्न : आजोबांची ऐरण, सांडशा, सुंबे (भोके पाडण्याची हत्यारे), छिन्न्या आणि फाटलेला चामडी भाता घरात पडून आहे. भंगारवाला विचारून गेला. मी नोकरी करतो, पण सुट्टीच्या दिवशी हे काम शिकण्याची फार इच्छा आहे. काय ठेवावे आणि सुरुवात कशी करावी?

उत्तर : ऐरण कोणत्याही परिस्थितीत विकू नका. तिच्या माथ्यावर लहान हातोडा सैल हाताने टाकून पाहा. तो जोमाने उसळला तर माथा कठीण आणि शाबूत आहे. कडा गोलसर झाल्या असतील तर त्या भरून काढण्यासाठी वेल्डिंग करू नका, कारण त्या उष्णतेने माथ्याचे पाणी जाईल. शिवाय गोल कडेवर लोखंड वाकवताना चीर पडत नाही, म्हणून ती कामाचीच आहे. माथ्यावर थंड पोलाद ठोकू नका. सांडशा सगळ्या ठेवा. त्यांची तोंडे वेगवेगळी दिसतील, कारण चपटी पट्टी, गोल सळई आणि कुऱ्हाडीचे नेढे यांसाठी पकड निराळी लागते. कोणती कशाची हे सांगायला आजी असतील तर त्यांना बसवून विचारा आणि लिहून ठेवा. अनेक घरांत ही माहिती त्यांच्याकडेच शिल्लक आहे. भाता दुरुस्त होत नसेल तर हाताने फिरवायचा पंखा चालेल, पण वारा कमी-जास्त करता येईल असाच घ्या.

सुरुवात आठ-दहा मिलिमीटरच्या साध्या सळईने करा. टोक काढणे, ते वळवून आकडा करणे, सळईला पीळ देणे, एवढेच पहिले काही आठवडे पुरे. त्यानंतर पाट्याच्या तुकड्याचा एक सुंबा करून त्याला पाणी देऊन पाहा. तो वाकला तर पाणी कमी पडले आहे, तुटला तर रंग लवकर थांबवला आहे. बंद तोंडाची नळी भट्टीत घालू नका, आतली हवा किंवा ओल तापून ती फुटते. सुती कपडे आणि बंद बूट घाला, पाण्याची बादली आणि वाळू हाताशी ठेवा. शक्य असेल तर आपल्या भागात आजही काम करणाऱ्या एखाद्या लोहाराकडे जाऊन ठरावीक मोबदला देऊन शिका, आणि तेथे घण त्यांची पत्नी चालवीत असेल तर मोबदला ठरवताना दोघांचा ठरवा.